एकेचाळिसाव्या बोअरपासून

"उत्तर देऊन झालं की थांबायचं," मनवा सबनीस म्हणाली. "समोरची वकील काही न बोलता बघत राहिली तरी थांबायचं. ती त्यांची युक्ती असते. लोकांना शांतता सोसत नाही, मग ते जास्तीचं बोलून जातात."

"मला सोसते," मी म्हटलं.

"तिला सोसते," घटाटे सर बिस्किट चहात बुडवत म्हणाले. "आठ-आठ दिवस तंबूत एकटी राहायची ही. एकदा मी सामान घेऊन गेलो तर माझ्याकडे पाहून म्हणे, सर, बाजूला व्हा, तुमची सावली पडून राहिली नमुन्यावर."

मनवा हसली नाही. तिच्यापुढे चार फायली होत्या आणि ती दर दोन मिनिटांनी मोबाइल उलटा करून पुन्हा सुलटा करत होती.

हेगमधल्या हॉटेलची ती पहिल्या मजल्यावरची लहान खोली होती. मंगळवार, सकाळचे अकरा. माझी साक्ष बुधवारी दहाला. मनवा कंपनीच्या वकिलांमधली सगळ्यांत तरुण. साक्षीदारांना तयार करण्याचं काम तिच्याकडे. घटाटे सर कंपनीचे निवृत्त मुख्य भूशास्त्रज्ञ. नागपूरला एम.एस्सी. झाल्यापासून मी त्यांच्या हाताखाली काम केलेलं. त्यांची साक्ष आदल्या आठवड्यात झाली होती, तरी ते माझ्यासाठी थांबले होते.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही; तसं मी लिहून दिलेलं आहे. आफ्रिकेतला देश, तांब्याची खाण, मालक मुंबईची कंपनी. सहा वर्षं आम्ही शोध घेतला, दोन वर्षं खाण चालली, आणि एका सोमवारी तिथल्या रेडिओवर जाहीर झालं की खाण आता राष्ट्राची आहे. देशाला तसं करता येतं. वाद होतो तो भरपाईचा. दोन देशांमधल्या करारामुळे हा वाद कोणत्याही देशाच्या कोर्टात न जाता तीन सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे आला होता. भरपाई किती, हे जमिनीत तांबं किती यावर ठरणार होतं. आणि जमिनीत तांबं किती, हे मी नोंदवलेल्या एकशे बारा बोअरवर.

बोअर म्हणजे जमिनीत शंभर-दोनशे मीटर पोकळ नळी घालून आतला दगड अखंड कांडीसारखा वर काढायचा. मनगटाएवढी जाड कांडी. ती हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं उभी कापायची. एक अर्धा भाग पिशवीत भरून प्रयोगशाळेला पाठवायचा, दुसरा अर्धा पेटीत जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर तपासता यावा. सरकारला शंका आली. खाण ताब्यात घेतल्यावर त्यांनी पेट्यांमधले अर्धे भाग तपासून घेतले. तांबं चौदा टक्के कमी निघालं.

सरकारचं म्हणणं, कंपनीनं प्रयोगशाळेला पाठवलेल्या पिशव्यांमध्ये जास्त तांब्याचा माल घालून मिसळ केली. आमच्या कंपनीचं म्हणणं, सरकारनं नंतर पेट्यांमधला माल बदलला. दोन्हींतली कोणतीही गोष्ट खरी ठरायला तोच एक माणूस लागत होता. तो म्हणजे म्झे कालेंबा, आमच्या कोअर शेडचे, म्हणजे त्या कांड्या कापायच्या आणि ठेवायच्या शेडचे, मुकादम. करवत त्यांची, पिशव्या ते भरायचे, पेट्या ते लावायचे. खाण सरकारची झाल्यावरही शेडची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. म्झे म्हणजे वडीलधारा. त्यांना सगळे तसंच म्हणायचे.

ते अकरा महिन्यांपासून तुरुंगात होते. राष्ट्राच्या संपत्तीशी दगाबाजी, असा आरोप होता. त्यांचा खटला तिथल्या न्यायाधीशानं या लवादाचा निकाल येईपर्यंत थांबवून ठेवला होता. इथे मिसळ सिद्ध झाली तर तिथे शिक्षा पक्की. त्यांची मुलगी बियात्रीस दवाखान्यात नर्स होती. तिनं मला दोन ओळींचा मेल पाठवला होता. माझे वडील कसे आहेत हे तुम्हाला माहीत आहे. ते तुम्ही तिथे सांगाल का? मी उत्तर दिलं होतं, मला जे माहीत आहे ते मी सांगेन.

"हे काल आलं," मनवानं एक कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "त्यांच्या तज्ज्ञाचं परिशिष्ट. एकशे बाराही बोअरचे आकडे वेगवेगळे. तुम्हाला त्यावर विचारणार नाहीत. सगळा वाद सरासरीवर आहे. नजर टाकून ठेवा फक्त."

ती फोन घ्यायला बाहेर गेली. मी हॉटेलच्या नावाचं कोरं पान घेतलं, पेन्सिलीनं दोन अक्ष काढले आणि एकेक आकडा टाकायला लागले. आडव्या अक्षावर बोअरचा क्रमांक, उभ्यावर आमचा आकडा त्यांच्यापेक्षा किती टक्के जास्त तो फरक. एवढ्या वर्षांची सवय होती. आकड्यांचा तक्ता दिसला की मी तो वाचत नाही, काढून बघते.

पहिले चाळीस ठिपके शून्याच्या आसपास पडले. काही वर, काही खाली, जसे पडायला हवेत तसे. एकेचाळिसावा वर पडला. बेचाळिसावा वर. मग एकही खाली आला नाही. एकवीस, अठरा, चोवीस, वीस. शेवटच्या एकशे बाराव्यापर्यंत.

"काय काढून राहिलीस?" घटाटे सरांनी विचारलं.

मी पान उलटं केलं. "सर, जरा बाहेर चालता का?"

"पाऊस आहे. वारा पाहिला का बाहेर?"

"चला तरी."

हॉटेलसमोर ट्रामचा रस्ता होता. आम्ही एका छत्रीत चालायला लागलो. छत्री दोनदा उलटी झाली, मग सरांनी ती मिटून टाकली आणि मफलर डोक्याला गुंडाळला. मी त्यांना पान दाखवलं. ते ट्राम थांब्याच्या काचेआड उभे राहून बराच वेळ पाहत राहिले.

"पायरी आहे ही," ते म्हणाले.

"हो."

"चढ नाही. पायरी. निसर्ग अशी पायरी नाही करत. सरकारनं माल बदलला असता तर पहिल्यापासून बदलला असता, नाही तर मधूनमधून. आपण मिसळ केली असती तरी एकेचाळीसपासूनच काहून?" त्यांनी चष्मा पुसला. "एकेचाळीस कधी झाली?"

"मार्चमध्ये. त्याच आठवड्यात दोन नवी ड्रिल मशिनं आली. एकाची तीन झाली."

ते विचार करत होते आणि मला माहीत होतं की ते पोचणार. त्यांनीच मला शिकवलं होतं. करवतीआधी भूशास्त्रज्ञानं कांडीवर लाल रेघ आखायची. खनिजाची शीर दोन्हीकडे सारखी विभागली जाईल अशी. मुकादमानं रेघेवर कापायचं. आणि पिशवीत नेहमी रेघेच्या डावीकडचाच अर्धा भाग जायचा. निवड करायची नाही. डोळ्यांना काय आवडलं ते विचारायचंच नाही.

"तू रेघ आखली नाहीस," ते म्हणाले.

"चाळीसपर्यंत आखली."

"रजिस्टरमध्ये सही आहे."

"एकशे बाराही ठिकाणी आहे."

एक ट्राम आली, दारं उघडली, आमच्याकडे पाहून मिटली आणि गेली.

"नुसती रेघ नसली," सर सावकाश म्हणाले, "तर चूक दोन्हीकडे जायला हवी. कधी जास्त, कधी कमी. ही एकाच बाजूला गेली."

"कारण म्झे निवडत होते. दोन अर्ध्यांतला चांगला पिशवीत घालत होते."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही." मी त्यांना ते जेवण सांगितलं. कालेंबांच्या घरी मी एकदाच जेवले होते. एकच कोंबडी, माणसं अकरा. त्यांच्याकडे कोंबडीचा गिझर्ड म्हणजे पोटातली ती कडक पिशवी सगळ्यांत मानाची. ती माझ्या ताटात आली. मला ती आवडत नाही, पण त्यांच्या बायकोनं माझ्याकडे नजर लावली होती म्हणून मी खाल्ली. कालेंबा म्हणाले होते, घरातून बाहेर जाईल ते उत्तम असावं, घरात राहील ते चालतं. शेडमधून बाहेर जायच्या त्या पिशव्या. विमानानं, परदेशी प्रयोगशाळेत.

घटाटे सर हसायला लागले. नको तेव्हा हसू यावं तसं, खांदे हलवून. "म्हणजे प्रयोगशाळेचा पाहुणचार झाला. चौदा टक्के पाहुणचार." मग ते थांबले. "तुला हे नक्की माहीत आहे, का अंदाज?"

"अंदाज," मी म्हटलं.

आम्ही परत फिरलो. वारा आता तोंडावर होता. सर एकदम फार हळू चालायला लागले.

"निरू, ऐक. मनवाला हे सांगू नको. सांगितलंस की तिला तुला साक्षीला उभं करता येणार नाही. तुझ्या जबानीत लिहिलं आहे, प्रत्येक मीटरवर मी स्वतः खूण केली. ते खोटं आहे हे तिला कळलं की संपलं. विचारलं तर सांग. पण ते विचारणार नाहीत. त्यांना मिसळ पाहिजे, त्यांना रेघ नको आहे."

"आणि म्झे?"

"निकालानंतर कंपनी त्यांना वकील देईल."

"कंपनीला विचारलंत तुम्ही?"

"विचारीन."

"सर."

"विचारीन म्हटलं नं." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "त्या अहवालावर माझीही सही आहे. मागच्या आठवड्यात मी शपथेवर सांगितलं, पद्धतीत काही चूक नव्हती. मी सत्तरीला आलो, माझं काय. तुझी वीस वर्षं बाकी आहेत. भूशास्त्रज्ञाची सही एकदा खोटी ठरली की त्याला कोणी दारात उभं करत नाही. घरी आई आहे तुझ्याजवळ. तू हे सगळं त्या तराजूत टाकणार, एका अंदाजावर?"

ते मला घाबरवत नव्हते. ते खरोखर माझी काळजी करत होते, आणि म्हणून मला ऐकायला जास्त जड जात होतं.

बुधवारी दहाला मी साक्षीदाराच्या खुर्चीवर बसले. सिनेमातल्यासारखं कोर्ट नव्हतं. गालिचा, लांब टेबलं, प्रत्येकासमोर माइक. समोर एक पडदा. खोलीत कोणी काही बोललं की दीड सेकंदानं ते त्यावर अक्षरांत उमटायचं. मधोमध लवादाचे अध्यक्ष, पातळ पांढऱ्या केसांचे नॉर्वेजियन प्राध्यापक. त्यांच्या डावीउजवीकडे एक बाई, एक गृहस्थ.

मनवानं माझी जबानी माझ्यापुढे ठेवली. "ही तुमचीच जबानी आहे? ही सही तुमची?"

"हो."

"यात तुम्हाला काही दुरुस्ती करायची आहे का?"

हा प्रश्न प्रत्येक साक्षीदाराला विचारतात. बहुतेक जण एखादी तारीख नाही तर स्पेलिंग सुधारतात. मनवानं विचारताना माझ्याकडे पाहिलंही नाही, ती पुढचं पान काढत होती. घटाटे सर मागच्या रांगेत भिंतीशी बसले होते.

"नाही," मी म्हटलं. दीड सेकंदानं ते पडद्यावर आलं.

सरकारची वकील मिस डॉयल आयरिश होती, उंच, आवाज मऊ. तिनं तीन तास विचारलं. नमुन्यांच्या पिशव्यांना सील कोण लावायचं. विमानतळापर्यंत गाडीत कोण असायचं. शेडच्या किल्ल्या किती होत्या.

"दोन. एक माझ्याकडे, एक मुकादमांकडे."

"पिशव्या कोण भरायचं?"

"मुकादम."

"तुमच्यासमोर?"

"बऱ्याचदा."

"नेहमी नाही."

"नेहमी नाही."

"म्हणजे तुमच्या माघारी मिस्टर कालेंबांना पिशवीत काही घालता आलं असतं."

"शक्य होतं."

"कोणी त्यांना तसं सांगितलं असतं, तर तुम्हाला कळलंही नसतं."

"कदाचित नसतं."

ती गप्प राहून माझ्याकडे पाहत राहिली. मीही गप्प राहिले. मनवानं कौतुकानं मान हलवल्यासारखं मला दिसलं. एकूणएक उत्तर खरं होतं. सगळी मिळून एक खोटी गोष्ट तयार होत होती आणि मी ती पडद्यावर उमटताना वाचत होते.

रेघेबद्दल तिनं काही विचारलं नाही.

एकला जेवणाची सुट्टी झाली. साक्ष अर्धी असताना साक्षीदारानं कोणाशी बोलायचं नसतं. मला एका काचेच्या दाराच्या खोलीत बसवलं आणि बाहेर एक लेखनिक मुलगी राखणीला बसली. टेबलावर सँडविच होतं. मी ते उघडून पाहिलं आणि परत बंद केलं. खोली सात पावलांची होती. मी ती कितीदा मोजली माहीत नाही. दारापाशी गेलं की लेखनिक मुलगी अदबीनं हसायची, मी परत वळायचे. काचेपलीकडून घटाटे सर गेले. थांबले नाहीत. फक्त हात खाली करून तळवा दोनदा दाबल्यासारखा केला. शांत बस. संपत आलं.

मला आठवत होतं ते मी त्यांना ट्रामच्या थांब्यावर सांगितलं नव्हतं. सकाळपासून मी ते हलवून पाहत होते, निसटतं का म्हणून. निसटत नव्हतं.

दोन वाजता मनवाचे फेरप्रश्न झाले. तिला वीस मिनिटं पुरली.

"खाण सरकारच्या ताब्यात गेली तेव्हा तुमची किल्ली तुम्ही परत केलीत?"

"हो, त्याच दिवशी."

"त्यानंतर शेडची किल्ली कोणाकडे होती?"

"मिस्टर कालेंबांकडे."

"आणखी कोणाकडे?"

"माझ्या माहितीत नाही."

"आभारी आहे. मला आणखी काही विचारायचं नाही."

अध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या सदस्यांकडे पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. "मिस ठेंगडी, तुम्ही आलात त्याबद्दल लवाद आभारी आहे. तुमची साक्ष संपली. तुम्ही मोकळ्या आहात."

लोक कागद आवरायला लागले. मी उठायला हवं होतं. मी माइकचं बटण पुन्हा दाबलं.

"सकाळच्या पहिल्या प्रश्नाला मी चूक उत्तर दिलं," मी म्हटलं. "जबानीत दुरुस्ती आहे."

दोन्ही बाजूंचे वकील एकाच वेळी हरकत घ्यायला उभे राहिले. तीन आठवड्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, असं नंतर कोणी तरी म्हणालं. अध्यक्षांनी हात वर केला.

"कोणती दुरुस्ती?"

"परिच्छेद एकोणीस. प्रत्येक मीटरवर मी स्वतः खूण केली, असं त्यात आहे. ते पहिल्या चाळीस बोअरपुरतं खरं आहे. पुढच्या बहात्तरमध्ये मी खूण केली नाही. रजिस्टरवर मात्र सही केली."

पडद्यावर ते आलं तेव्हा खोलीत कागद हलायचे थांबले. मी हॉटेलचं पान काढून दाखवायची परवानगी मागितली. त्यांनी ते यंत्राखाली ठेवून सगळ्यांना दाखवलं. माझी पेन्सिलीची पायरी भिंतीवर दोन मीटर रुंद झाली. मी रेघ, कांडी, डावा अर्धा भाग हे सगळं समजावलं. अध्यक्षांच्या शेजारच्या बाईंनी बराच वेळ भिंतीवरचं चित्र पाहिलं.

"तुमचं म्हणणं असं," त्या म्हणाल्या, "की प्रयोगशाळेत गेलेला भाग खऱ्यापेक्षा चांगला होता आणि सरकारनं तपासलेला खऱ्यापेक्षा वाईट. म्हणजे दोन्ही आकडे चूक."

"हो. खरा आकडा दोघांच्या मध्ये आहे. दोन्ही अर्धे भाग एकत्र केले तरच ती कांडी होते."

"आणि हे मुकादमानं केलं. फसवण्यासाठी नाही, तर आदर म्हणून."

"हो."

"पण हा तुमचा तर्क आहे. तुम्ही आकड्यांवरून केलेला."

मी तिथे हो म्हणू शकले असते.

"नाही," मी म्हटलं. "मी पाहिलं होतं."

मी त्यांना सांगितलं. सेहेचाळिसाव्या बोअरचा दिवस, दुपार. मी रजिस्टर घेऊन शेडच्या दारात आले तेव्हा म्झे कालेंबा दोन्ही अर्धे भाग नळाखाली धुऊन उन्हात धरून पाहत होते. ज्यात तांब्याचं खनिज सोनेरी जास्त चमकत होतं तो त्यांनी पिशवीत घातला. दुसरा फडक्यानं पुसून पेटीत ठेवला. मग पुढची कांडी. मी पाच कांड्या होईपर्यंत उभी होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सही केली."

"त्यांना थांबवलं का नाहीत?"

"तीन मशिनं चालू होती. थांबवलं असतं तर आधीच्या पाच बोअर बाद झाल्या असत्या आणि मला वर कळवावं लागलं असतं की मी रेघ आखत नाही. मी दारातच हिशेब केला. मला वाटलं, फरक फार तर तीन टक्के पडेल."

"या बहात्तरमध्ये तो सरासरी एकवीस पडला."

"हो."

त्या आणखी काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी विचारलं नाही. अध्यक्ष मला पुन्हा मोकळ्या आहात म्हणाले, या वेळी आभार न मानता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मनवा माझ्यापर्यंत चालत आली.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला उभं केलं नसतं."

"कोणी सांगितलं असं? मी काल संध्याकाळीच लेखी दुरुस्ती दाखल केली असती. नीट, व्यवस्थित, तुमच्या स्पष्टीकरणासकट. आता ते म्हणणार, आम्ही लपवलं आणि साक्षीदाराला ते सोसलं नाही." तिनं फायली या हातातून त्या हातात घेतल्या. "त्या माणसासाठीसुद्धा ते जास्त बरं झालं असतं, मॅडम."

ती गेली. हे मला सुचलंच नव्हतं. मी फक्त बोलायचं की गप्प बसायचं एवढंच मोजत होते.

घटाटे सर कोट घालून खिडकीपाशी उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"तू पाहिलं होतंस," ते म्हणाले. "काल मला अंदाज म्हणालीस."

"हो."

"बरं केलंस. मी तेही लपवायला सांगितलं असतं." त्यांनी गळ्यातला मफलर काढून त्याची घडी केली, पुन्हा उघडली. "जेवली नाहीस तू. चल."

निकाल दीड वर्षानं आला. भरपाई मिळाली, मागितली त्यापेक्षा बरीच कमी. मिसळ झाली नाही आणि पेट्याही बदलल्या नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. कालेंबांबद्दल एक वाक्य होतं: त्यांच्या वागण्यात अप्रामाणिकपणा आढळत नाही. ते त्याआधीच, माझ्या साक्षीनंतर चार महिन्यांनी सुटले होते. म्हणजे पंधरा महिने. माझं नाव व्यावसायिक यादीतून निघालं. मी नागपूरला परत आले आणि विहिरींच्या पाण्याचं काम करायला लागले. घटाटे सर अधूनमधून यायचे, आईशी गप्पा मारायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नाही.

म्झे सुटल्यावर मी बियात्रीसला तीनदा लिहिलं. तिनं एकदाच उत्तर दिलं, बाबा बरे आहेत. मग निकाल आल्यावर काही महिन्यांनी एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"बाबांना तुमच्याशी बोलायचं आहे. मी सांगेन ते काय म्हणतात ते."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. म्झे कालेंबांनी माझी, माझ्या आईची, पावसाची चौकशी केली. तिथे तसंच करतात, कामाचं लगेच काढत नाहीत. मी त्यांची, त्यांच्या बायकोची केली. मी माफी मागायला सुरुवात केली तर बियात्रीसनं ती त्यांना सांगितली नाही असं वाटलं, कारण ते मध्येच बोलायला लागले.

"ते म्हणतात, त्यांना परत शेडवर घेतलं आहे. आता सरकारी कंपनी आहे. नवीन बोअर सुरू झाल्या आहेत."

"फार चांगलं झालं."

"ते विचारतात, कोणता अर्धा भाग पाठवायचा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आधी लाल रेघ. मग रेघेच्या डावीकडचा. नेहमी डावीकडचा."

तिनं सांगितलं. तिकडून एक प्रश्न आला.

"डावीकडचा वाईट असला तरी?"

"तरी."

"अगदीच वाईट? ज्यात काहीच दिसत नाही?"

"तरी तोच. दोन्ही धुऊन पाहायचेसुद्धा नाहीत."

ते बराच वेळ तिच्याशी बोलत होते. ती मध्येच हसली, मग थांबली. "ते विचारतात, रेघ कोणी आखायची?"

"तिथल्या भूशास्त्रज्ञानं."

"ते म्हणतात, तो पोरगा नवीन आहे. त्याला वेळ नसतो. चार मशिनं आहेत. तो म्हणतो, म्झे, तुम्ही कापा, मी येऊन सही करतो."

"त्यांना सांग, तो येईपर्यंत करवत सुरू करायची नाही. ओरडला तरी नाही. मशिनं थांबली तरी नाही."

बियात्रीसनं सांगितलं. मग पलीकडे कोंबड्यांशिवाय काही ऐकू येईना. शेवटी ते एकच वाक्य बोलले, अगदी शांतपणे. तिनं ते मला सांगायला थोडा वेळ घेतला.

"ते म्हणतात, त्या दिवशी दारात उभ्या होतात तेव्हा हे सांगायचं होतंत. त्यांनी पाहिलं होतं तुम्हाला."